सरांचं वाळवण

भूत रात्रीच येतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मी पाहिलं ते भर दुपारी पाहिलं. जळगावात, छप्पन्न साली, मार्च संपता संपता. डोक्यावर सूर्य होता. रस्त्यावर टांगा उभा होता. शेजारच्या घरात कोणीतरी मसाला कुटत होतं.

ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. मला कोणाची मनधरणी करायची नाही.

मी बेबाबाई. आमचं गाव रावेरकडचं. नवऱ्याने नांदवलं नाही म्हणून माहेरी होते. धाकटा भाऊ चुडामण जळगावात इंटर सायन्सला आला, तेव्हा त्याला करून घालायला मीही आले. एकच खोली. तो मोठ्याने पाठ करायचा, मी भाकरी थापता थापता ऐकायचे. त्याच्याच पुस्तकांवर मी वाचायला शिकले.

त्याला डॉक्टर व्हायचं होतं. आमची आई बाळंतपणात गेली. गाडी जुंपून तयार होती, पण न्यायचं कोणाकडे, हेच कोणाला सुचेना. ती गाडी दारात तशीच उभी राहिली. चुडामणने ते पाहिलं होतं.

मेडिकलला जायचं तर इंटरला चांगले मार्क पाहिजेत. आणि इंटरला बसायचं तर आधी कॉलेजची प्रिलिम पास व्हायला पाहिजे. नापास झालात की कॉलेज फॉर्मच पुढे पाठवत नव्हतं. वर्ष गेलं. आमच्यासारख्याचं वर्ष गेलं की शिक्षणच गेलं. बाप म्हणणार, पुरे झालं, ये घरी.

प्रिलिमला चुडामणला बायॉलॉजीत शंभरापैकी एकोणतीस पडले.

पेपर खरंच वाईट गेला होता. खोटं कशाला बोलू? हिवतापातून उठला आणि तसाच जाऊन बसला. पण सरांनी पेपर नुसता दिला नाही. सगळ्या वर्गासमोर वर धरला आणि म्हणाले, "बेडूक म्हणजे केळीचा घड नाही रे, कोयत्याने उडवायला!"

वर्ग हसला.

चुडामण घरी आला. ताट समोर होतं, हात लावला नाही.

"अक्का, चाल घरी जाऊ. केळीच कापतो."

"आधी जेव. मग काय कापायचं ते बघू."

त्या सरांचं नाव मी लिहीत नाही. भिऊन नाही. त्यांच्या बायकोने माझं काही वाईट केलं नव्हतं, म्हणून. पोरं त्यांना कात्री सर म्हणायची. नापास पोराने दुपारी त्यांच्या बंगल्यावर जायचं, तोंडी परीक्षा द्यायची. सरांना पटलं तर फॉर्मवर सही.

पण तोंडीच्या आधी दुसरंच काही असायचं. बंगल्यापुढे शहाबादी फरशीचं अंगण होतं. झाड नाही, आडोसा नाही. सर जेवायचे, झोपायचे, उठून चहा घ्यायचे. तोवर पोराने त्या फरशीवर उभं राहायचं.

पोरं त्याला सरांचं वाळवण म्हणायची.

आमच्या शेजारच्या खोलीत छगन राहायचा. चुडामणच्याच वर्गातला. तो दारातून म्हणाला, "बेबाक्का, उद्या तुमचा पापड वाळत पडणार. मधून मधून उलटून घ्या बरं, नाही तर एकाच अंगाने भाजेल."

"हसतोस काय मेल्या?"

"हसू नाही तर काय करू?" त्याचं हसू गेलं. "मागच्या वर्षी शिंदखेड्याचा भिकन होता. हुशार पोरगं. त्याला असंच उभं केलं. मग तोंडी घेतली. उत्तर बरोबर आलं तरी सर म्हणायचे, पुन्हा सांग. पुन्हा बरोबर. पुन्हा सांग. दिवस मावळेपर्यंत. पाणी मागितलं तर म्हणाले, आधी उत्तर. भिकन खोलीवर आला तेव्हा त्याच्या घशाखाली पाणी उतरेना. पहाटे गेला."

"आणि सरांना कोणी काही बोललं नाही?"

"काय बोलणार? ऊन लागलं म्हणाले. उन्हावर कोणी केस करतं का अक्का?"

त्या रात्री मला झोप आली नाही. भीतीने नाही. रागाने.

दुसऱ्या दिवशी मी ऊन लागू नये म्हणून चुडामणच्या टोपीत कांदा ठेवला, पाण्याचा तांब्या घेतला आणि त्याच्याबरोबर गेले.

सर दारात आले. चुडामणकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"टोपी काढ. परीक्षेला आलास, लग्नाला नाही."

टोपी काढली तसा कांदा पडला. घरंगळत सरांच्या पायाशी गेला. सर खदखदून हसले. "अरे, भाकरी पण आणली असेल!" मग माझ्याकडे बोट केलं. "ही कोण? आया? बाहेर थांब."

मी फाटकाबाहेर लिंबाखाली थांबले. आतून पाट मांडल्याचा आवाज आला. ताटाचा आवाज आला. मग दार लागलं.

चुडामण फरशीवर उभा होता. हिवतापाने आधीच काडी झालेला. फरशी अशी तापली होती की तो एकदा हा पाय उचलायचा, एकदा तो.

बराच वेळ गेला.

मग मसाला कुटण्याचा आवाज थांबला...

टांग्याचा घोडा मान झटकत होता, घुंगरू वाजत होतं. तेही थांबलं...

मी अंगणाकडे पाहिलं.

फरशीवर दोन पोरं उभी होती.

मला वाटलं, दुसराही नापास असेल. मागच्या बाजूने आला असेल. चुडामणच्या अगदी शेजारी उभा होता. पांढरा सदरा. ओठांवर पांढरी साल आलेली. तो पाय उचलत नव्हता. त्या तव्यावर तो स्थिर उभा होता.

त्याची सावली होती का, असं मला पुढे सगळ्यांनी विचारलं. अहो, भर बारा वाजता सावली कोणाची दिसते? त्यामुळेच तर मला कळलं नाही.

मी फाटक ढकलून आत गेले. चुडामणला पाणी पाजलं. तो घटाघटा प्यायला. तेवढ्यात त्या दुसऱ्याने ओंजळ पुढे केली.

मी पाणी ओतलं.

तो प्यायला. मी ओतत राहिले. तांब्या रिकामा झाला.

फरशीवर एक थेंब पडला नाही.

"आखो," तो म्हणाला.

आखो म्हणजे आणखी. धुळ्याकडची बोली. मी म्हटलं, "थांब रे बाबा, आणते. कुठला तू? नाव काय तुझं?"

"भिकन."

मी ओसरीकडे वळले होते. तिथे सरांचा माठ होता. मागून चुडामण घाबऱ्या आवाजात म्हणाला, "अक्का... कोणाशी बोलतेस?"

"ह्या पोराशी."

"कोणत्या पोराशी? इथे मी एकटाच हाये."

मी थांबले.

  तेव्हा मला ते नाव आठवलं... शिंदखेड्याचा भिकन.

मी वळून पाहिलं. तो तसाच उभा होता. ओंजळ तशीच पुढे. डोळे माझ्याकडे नव्हते. सरांच्या बंद दाराकडे होते.

आता सांगते ते नीट ऐका, कारण इथेच लोक मला नावं ठेवतात.

मी किंचाळले नाही. देवाचं नाव घेतलं नाही. मला त्याची भीती वाटण्याआधी त्या दाराचा संताप आला. आत एक माणूस जेवून, पडदा ओढून झोपला होता. बाहेर एक पोरगं मेलं तरी अजून उभंच होतं. आणि त्याच्या शेजारी माझं पोरगं उभं होतं.

मी ओसरी चढले. दाराची कडी आतून लावलेली नव्हती. मी दार उघडलं. सताड.

आणि म्हटलं, "भिकन, पाणी आत आहे. इथे किती दिवस मागशील? जा आत. ज्याने उभं केलं त्याच्याकडे माग."

माझ्या अंगाला काहीतरी घासून गेलं. गरम. भट्टीचं दार उघडल्यावर लागतं तसं.

फरशीवर आता एकटा चुडामण होता.

मग आतून आवाज आला...

गट... गट... गट...

माठ सुकल्यासारखा तडकला. मग आत कुठेतरी रांजण. मग हंडा आडवा पडला. रिकाम्या हंड्याचाच आवाज तो, मी बाई आहे, मला कळतो.

सरांची बायको माजघरातून धावत आली. "अगं बाई, पाणी कुठे गेलं सगळं? आत्ता भरलं होतं!"

तेवढ्यात सरांची हाक आली. "पाणी आण गं! घसा सुकलाय!"

तिने शेजारून पेला भरून आणला. भरलेला पेला मी डोळ्यांनी पाहिला. सरांनी ओठाला लावला, मान मागे केली... आणि पेला उलटा केला. काही नव्हतं.

दुसरा आणला. तोही तसाच.

मग सर उठले. कोणीतरी दंडाला धरून चालवावं तसे चालत बाहेर आले. ओसरी उतरले. अनवाणी फरशीवर जाऊन उभे राहिले. चुडामण बाजूला सरकून माझ्यामागे आला.

सरांच्या समोर कोणी नव्हतं. पण ते समोर पाहून बोलायला लागले.

"बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे... दोन कर्णिका, एक निलय."

थोडं थांबले. जणू कोणी काही म्हणालं.

"तीनच. दोन कर्णिका, एक निलय."

पुन्हा थांबले. चेहरा आक्रसला.

"बरोबरच आहे की रे... दोन कर्णिका, एक निलय."

उत्तर बरोबर होतं. मी शंभर वेळा चुडामणच्या तोंडून ऐकलं होतं. पण सर पुन्हा म्हणत होते. पुन्हा. आवाज बसत चालला. ओठ माझ्या डोळ्यांदेखत फाटले. बायको त्यांना ओढत होती, टांगेवाला धावत आला, तोही ओढू लागला. फरशीवरून पाय हलेना.

"पाणी..." सर म्हणाले.

मग एकदम मान हलवली आणि हुंदका देऊन पुन्हा सुरू केलं, "तीन कप्पे..."

चुडामणने माझा पदर धरला. "अक्का, काही कर. मरतील ते."

"मी काय करू? मी कोण? मी आया."

हे मी बोलले. आजही परत घेत नाही.

मग सर कोसळले. घरात नेलं, ओल्या चादरी गुंडाळल्या, डॉक्टर आला. संध्याकाळी गेले. ऊन लागलं म्हणाले.

उन्हात किती वेळ होते, म्हणून कोणी विचारलं नाही. टांगेवाल्याला माहीत होतं. त्याने त्या रस्त्याला टांगा लावायचं सोडलं.

कॉलेजात गडबड झाली. अडकवून ठेवलेले सगळे फॉर्म एका झटक्यात पुढे गेले. चुडामणने पुढचे दिवस पुस्तकातून मान वर केली नाही. परीक्षा दिली, पास झाला, मेडिकलला नंबर लागला. आमच्या गावात बँड वाजला.

निघायच्या दिवशी त्याने ट्रंकेला कुलूप लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारबद्दल तो तोवर एक अक्षर बोलला नव्हता.

"अक्का, तू त्याला आत जा म्हणालीस."

"म्हणाले. मग?"

"मग त्याला बाहेर ये असं कोणी म्हटलं?"

मी ट्रंक उचलली आणि दाराबाहेर ठेवली. 

सरांची बायको माहेरी गेली. बंगला तीन-चार वर्षं बंद होता. मी जळगावातच राहिले, पोरांची खानावळ चालवते. गेल्या दिवाळीत त्या बंगल्यात नवे मास्तर राहायला आले. साधा माणूस. रस्त्यात भेटला तर आधी तोच नमस्कार करतो. त्यांना एक मुलगी आहे, सात-आठ वर्षांची.

परवा दुपारी मी तिथून जात होते. मुलगी ओसरीवर पाढे म्हणत बसली होती.

तेराचा पाढा. सगळा म्हटला. बरोबर.

मग गप्प झाली. शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं...

आणि पहिल्यापासून सुरू केलं.

मी फाटकाशी उभी राहिले. तिने तो पाढा किती वेळा म्हटला, मी मोजलं नाही. एकदाही चुकली नाही. शेवटी तिचा आवाज रडवेला झाला होता.

मी दुसऱ्या दिवशी एसटी धरून शिंदखेड्याला गेले. विचारत विचारत भिकनच्या आईचं घर काढलं. धुरपदाबाई. उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. भिकन तिचा एकुलता एक. आधीची सगळी गेली म्हणून मागून घेतलेला, म्हणून भिकन.

मी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. म्हटलं, "मावशी, त्याला आता बाहेर बोलवा. माझं नाही ऐकायचा. तुम्ही आई आहात, तुमचं ऐकेल. त्या घरात आता दुसऱ्याचं लेकरू आहे."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. 

मग विचारलं, "घरमा शे ना तो?"

"हो."

"सावलीमा शे?"

"हो मावशी, सावलीत आहे."

तिने शेंग परत उचलली.

"मंग ऱ्हाऊ दे त्याले तठेच."

मी परत आले. त्या मास्तरांना काय सांगू, कसं सांगू, रोज ठरवते आणि रोज त्यांच्या फाटकावरून परत फिरते.

पुढच्या महिन्यात त्या मुलीची परीक्षा आहे.