एक वाजताचा प्रश्न

अंधेरीच्या त्या हॉलमध्ये चाळीस वकील डोळे मिटून बसले होते. सगळे कंपन्यांत नोकरी करणारे. कोर्टाची पायरी न चढता दिवसभर करारांचे कागद वाचून डोकं पिकवणारे. पुढे शिबिर घेणाऱ्या वनमालाताई हळुवार आवाजात सांगत होत्या, "श्वास आत... श्वास बाहेर..."

आणि त्या शांततेत श्रुतिकाचं पोट गुरगुरलं. चांगलं मोठ्यानं!

सोमवारचा उपास होता तिचा. कानाच्या पाळ्या तापल्या. आता सगळे बघणार—

"सॉरी, माझं पोट!" शेजारचा तरुण हात वर करून म्हणाला. हॉल हसला.

तिनं एक डोळा किलकिला केला. "खोटं बोललात," ती पुटपुटली.

"कंपनीचा वकील आहे. दुसऱ्याचं अंगावर घ्यायचाच पगार मिळतो."

डोळे मिटलेलेच होते त्याचे. गालावर खळी मात्र पडली होती.

तो दिपेश. वेसाव्याचा कोळी, एका जहाज कंपनीत कामाला. ताईंनी जोड्या लावल्या तेव्हा तोच तिच्या वाट्याला आला. नेम सोपा होता. उद्यापासून एकवीस दिवस, दुपारी एक वाजता त्यानं फोन करायचा, दोघांनी एकमेकांना एकच विचारायचं— जेवलात का? कामाचा विषय काढायचा नाही.

"तुम्हीच उपाशी बसलात तर तुमची टीम कुठल्या तोंडानं डबा उघडेल?" ताई म्हणाल्या.

रोज पहाटे देवापुढे माळ ओढणाऱ्या श्रुतिकाला नेमाचं काय नवल? पण नेमानं काळीज धडधडतं, हे नवीन होतं.

चौथ्या दिवशी 'जेवलात का'चं 'जेवलीस का' झालं.

"आणि भाजी कुठली होती?"

"एकच प्रश्न ठरलाय हं!"

"हा पोटप्रश्न आहे गं."

एक वाजला की ती लॅपटॉप मिटायची. टीमची प्रमुख जेवते म्हटल्यावर प्रांजल आणि रुचिराही डबे उघडू लागल्या. ऑफिसात हसणं ऐकू येऊ लागलं. सगळं झकास चाललं होतं... फक्त दिवस सरत होते. एकवीस झाल्यावर फोनला निमित्त कुठलं उरणार? आणि आपणहून बोलायला तिची जीभ रेटेना.

एकविसावा दिवस सोमवारीच आला. एक वाजला... एक दहा... फोन गप्प.

"मॅडम, जेवत नाही?" प्रांजलनं विचारलं.

"उपास आहे गं," ती फोनकडे बघत म्हणाली.

तेवढ्यात खालून निरोप आला. कुणी दिपेश भेटायला आलेत.

रिसेप्शनपाशी तो घामाघूम उभा होता, हातात स्टीलचा डबा. "साबुदाण्याची खिचडी. आईनं जन्मात पहिल्यांदा केली. आमच्याकडे मासळीशिवाय... जरा गोळा झालाय."

जरा? चेंडूच होता तो! पण श्रुतिकाला हसू फुटेना.

"फोन का नाही केलास?"

तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिला. "शेवटचा होता ना... केला असता तर संपलं असतं. म्हणून केलाच नाही." मग हळूच, "मुदत वाढवून देशील?"

"किती दिवसांची?"

"करार तू लिही. मी न वाचता सही करतो."

"वकील असून?"

"तू लिहिणार असलीस तर... हो."

तिनं खिचडीचा गोळा बोटांनी फोडून एक घास घेतला. "मग मुदतीची जागा मी कोरीच ठेवते," ती म्हणाली आणि मान खाली घातली. वर पाहिलं तर खळी पुन्हा पडलेली.

"तू जेवलास का रे? खरं सांग."

"नाही. आज माझाही सोमवार."

आणि त्याचं पोट गुरगुरलं. चांगलं मोठ्यानं! रिसेप्शनवरच्या मुलीनं चमकून मान वर केली.

श्रुतिकानं हात वर केला. "सॉरी, माझं पोट!"