दोन माणसं, एक खोली

चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या आणि कडावची प्राची भिवपुरीच्या अनुपमशेजारी येऊन बसली. त्याआधी दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं.

पळसदरीला वेबसाइट बनवायचं आठ दिवसांचं निवासी शिबिर होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं काम. पद्मजा मॅडमचा नियम एकच — जोडीला लॅपटॉप एकच. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने फक्त सांगायचं. वीस मिनिटांनी अदलाबदल.

"बोट मागे घे," पहिल्याच दिवशी प्राची म्हणाली. "टाइप मी करतेय."

"मी फक्त दाखवत होतो..."

"तोंडानं दाखव."

"तोंडानं सांगतात. दाखवतात बोटानंच."

तिने वळून पाहिलं. त्याच्या चष्म्यावर बाहेरच्या पावसाचे दोन थेंब तसेच होते. तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला.

शेवटच्या दिवशी चार वाजता प्रत्येक जोडीने आपलं काम दाखवायचं होतं. खालापूरच्या एका कंपनीची माणसं येणार होती आणि त्यांना एक जागा भरायची होती. प्राचीला ती नोकरी हवी होती. घरापासून जवळ होती म्हणून जास्तच. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. आता घरात वडील, म्हणजे आबा, आणि ती. "जा," आबा म्हणाले होते, "पण लवकर ये. घर खायला उठतं."

दोघांनी फार्महाऊसची खोली आरक्षित करायचं पान बनवायला घेतलं. सातव्या दिवशी दुपारी ते तपासायचं होतं. त्यासाठी खोटीच नोंदणी करायची.

"नाव काय टाकू?" अनुपमने विचारलं.

"टाक काहीही."

त्याने टाकलं — अनुपम आणि प्राची. माणसं दोन. खोली एक.

प्राचीचे कान तापले. "नाव बदल," असं तिच्या ओठांवर आलं... पण ती बोलली नाही.

"मोबाइल?"

तिला पाठ असलेला तेवढा एकच नंबर होता, तोच तिने सांगितला. नोंदणी झाली, पण पुढचं पान अडकलं. दुरुस्त करून पुन्हा भरलं. पुन्हा अडकलं. संध्याकाळपर्यंत सतरा नोंदण्या झाल्या. सतराही वेळा नावं तीच.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दाराशी मोटारसायकल थांबली. दुधाचे रिकामे कॅन वाजले. निथळत्या रेनकोटातच आबा आत आले.

"अनुपम कोण हाय?"

आबांनी फोन पुढे धरला. 'अनुपम आणि प्राची, दोन माणसं, एक खोली. आपली नोंदणी पक्की झाली आहे.' खाली तेच. त्याखाली पुन्हा तेच.

नंबर आबांचा होता, आणि मेसेज जाणं बंद करायला अनुपम विसरला होता.

"चष्मा नाय म्हणून डेअरीवर मोतीबाईकडून वाचून घेतलं," आबा म्हणाले. "तिनं वाचलं ते मोठ्यानं! आता कडावभर झालंय. सामान भर, घरी चल."

"आबा, चार वाजता आमचं—"

"चार वाजता म्हशी हायत."

अनुपम उठला. "काका, चूक माझी आहे. खोली-बिली काही नाही. तुम्ही बसा इथं. तुमचं नाव सांगा."

"मोरू."

त्याने नाव भरलं, बटण दाबलं. आबांच्या हातातला फोन घुमला. आबांनी तो प्राचीला दाखवला, तिने 'मोरू' असं वाचलं.

"म्हंजे हितं कुठलंबी नाव चालतं?"

"हो, काका."

"आमच्या कुत्र्याचं, वाघ्याचं लिवलं तरी?"

"हो."

"मंग सतरा वेळा हिचंच का लिवलंस रं?"

पद्मजा मॅडम वळल्या आणि कोरा फळा पुसू लागल्या. अनुपमने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"दुसरं नाव सुचलं नाही, काका." मग हळूच म्हणाला, "मला दुसरं नकोच होतं..."

आबा प्राचीकडे वळले. "आणि तू? शेजारी बसून बघत होतीस. बोलली नायस?"

"नाही, आबा." तिने मान खाली घातली. मग वर केली. "मला आवडत होतं."

आबांनी फोन खिशात ठेवला.

"हिची आय असती तर तिला बरोबर सुचलं असतं काय बोलायचं. मला नाय सुचत." त्यांनी रेनकोट काढून खिडकीला अडकवला. "बसतो चारपर्यंत. म्हशींचं शेजारच्या आवडीला सांगतो."

चार वाजता दोघं उभी राहिली. प्राचीने पान उघडून दाखवलं. कंपनीच्या माणसांनी खूप प्रश्न विचारले. शेवटी सोमवारी खालापूरला बोलावलं ते प्राचीला. अनुपमला नाही.

दाराशी त्याने तिची बॅग मोटारसायकलला बांधून दिली. "खरंच आनंद झाला," तो म्हणाला. "मी शोधेन दुसरीकडे."

"सोमवारी मला दूध घालायचं असतंय," आबा हँडलकडे बघत म्हणाले. "हिला खालापूरला कोण नेणार? भिवपुरीवाल्याला तर कडाव वाटेत नाय."

"वळसा घेईन, काका."

"तसा नाय चालणार. आधी रविवारी जेवायला ये. भाकरी मीच करतो. हिच्या आयनं आजारपणात शिकवली, जवळ बसवून." आबांनी किक मारली. "पण मला नको विचारू. हिला विचार, येऊ का म्हणून."

अनुपमने प्राचीकडे पाहिलं. विचारायला तोंड उघडलं, पण त्याआधीच ती बोलली.

"ये," प्राची म्हणाली. "आणि उशीर करू नकोस. भाकरी गरमच चांगली लागते."