ओरोन्झोची हजेरी

शिंपले सोलायचं थांबू नका रे, हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. एजिदिओ, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. ही गोष्ट कताल्दोची, माझ्या मित्राची. वीस वर्षं एकाच बोटीवर काढली आम्ही. थापा मारणाऱ्यातला नव्हता तो.

गारिबाल्डी म्हटलं की तुम्हाला आठवते धक्क्याला बांधून ठेवलेली ती विमानांची बोट. अरे, तिच्याआधी त्या नावाच्या तीन होऊन गेल्या! पहिली लाकडी, शिडावरही चालायची आणि वाफेवरही. ज्याचं नाव तिला दिलं तो इटली एक करणारा सेनापती, खुद्द गारिबाल्डी, तेव्हा हयात होता. दुसरी टॉर्पेडोने बुडाली, १९१५ साली, अठरा जुलैला. तिसरी दुसऱ्या महायुद्धातून वाचली. एक मोडीत निघाली की नाव पुढचीला. आणि आमच्या चौथ्या बोटीवर नावाबरोबर त्या बुडालेल्या दुसरीवर मेलेल्यांची यादीही आली होती.

दर अठरा जुलैला ती वाचायचो. एकाने नाव घ्यायचं, सगळ्यांनी ‘हजर!’ म्हणायचं. नियम एकच. आपल्या घरच्या माणसाचं नाव आपण वाचायचं नाही, यादी शेजारच्याच्या हातात द्यायची. का, ते कोणी विचारत नसे. आम्ही गुमान पाळायचो.

२०२५चा जुलै आला तेव्हा बोट निवृत्त झाली होती. खलाशी पांगले. राखणीला दोनतीन माणसं, त्यात कताल्दो. त्याची आई नुन्झिया नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली. तिचे आजोबा ओरोन्झो त्या यादीत होते.

“आजोबांना यंदा हाक कोण मारणार रे?” अठरा जुलैच्या दुपारी तिने विचारलं.

“आई, बोटीवर उंदीरसुद्धा उरला नाही.”

“तू आहेस ना? मी त्यांना पाहिलं नाही. पण आजीने मरेपर्यंत रात्री दाराला कडी घातली नाही. हाक चुकवू नकोस, कताल्दो.”

आईला नाही कसं म्हणणार?

शुक्रवार होता. रात्री पावणेअकराला तो तळाशी पाणी साचलंय का बघायला उतरला. सगळं कोरडं होतं. वर येताना यादी काढली आणि विमानं ठेवायच्या मोकळ्या दालनात उभा राहिला. बॅटरी यादीवर धरली.

पहिलं नाव घेतलं. ‘हजर’ही स्वतःच म्हणाला. स्वतःचंच हसू आलं त्याला.

दुसरं. तिसरं.

सातवं नाव घेतलं. तोंड उघडण्याआधीच...

“हजर.”

मागून.

तो वळला नाही. वळायचं धाडसच झालं नाही. आठवं घेतलं.

“हजर.” आता दोघंतिघं.

पळावंसं वाटत होतं. पण आईचं नाव राहिलं होतं. म्हणजे आईच्या आजोबांचं. यादी द्यायला शेजारी कोणी नव्हतं. निदान... त्याला दिसत तरी नव्हतं.

त्याने वाचलं. “ओरोन्झो.”

काही नाही.

“ओरोन्झो!”

पाठीमागचे श्वासही थांबले.

तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तो रडत होता.

...

मग फोन वाजला. बहीण, पाल्मा.

“दादा, घरी ये. जिन्यात कोणीतरी ‘हजर’ म्हणालं... तीनदा. पुरुषाचा आवाज. मी दार उघडलं, कोणी नव्हतं. मागे वळले तर आई हसत होती. आणि... दादा, आई गेली रे.”

त्यानंतर कताल्दो माझ्यासमोर एकच वाक्य घोळवायचा. “तिने हाक मारायला सांगितली. मी त्याला तिच्यासाठीच बोलावलं का?” मी त्याचा ग्लास भरायचो, बस.

ओरोन्झो बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा, हे सांगायचं राहिलंच. नुन्झियाच्या गालावर काळं लागलं होतं.

काय म्हणालास, एजिदिओ? पोलादाच्या कारखान्याची धूळ? हो, आपल्या तारांतोत ती सगळ्यांच्याच उशीवर पडते. मीही तेच म्हणालो होतो, शवपेटीपाशी जाऊन वाकेपर्यंत.

पाच बोटं होती. लहान पोरीचा गाल धरतात ना, तशी. पाल्माने दोनदा पुसलं, निघालं नाही. तिसऱ्यांदा तिला हात उचलवेना. तसंच पुरलं नुन्झियाला.