चार बोटं वर

"सूनबाई, पोरीले त्या बंदुकीजवळ नेशीन तर आधी गज टाकून पाह्य."

सोजराआत्या, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, मला दोनदा म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

मी बी.एस्सी. झालेली आहे. असल्या गोष्टी लिहीत नाही. पण ही माझ्या डोळ्यांसमोर घडली.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. देऊळघाट. दुपारचे तीन.

आमच्या बैठकीत ठासणीची बंदूक टांगलेली असते. सासऱ्यांच्या आजोबांनी गावातच घडवून घेतलेली. पंचावन्न वर्षांत तिचा बार काढलेला नाही. फक्त नवमीला हार-कुंकू.

मामंजींनी, म्हणजे रामरावांनी, ती खाली उतरवली आणि माझ्या चार वर्षांच्या रेवाच्या मांडीवर ठेवली. फोटोसाठी.

मला आत्या आठवली. गंमत म्हणून मी लोखंडी गज नळीत सोडला. नळी रिकामी असली की तो खण्ण वाजतो आणि पार आत जातो.

वाजला नाही...

चार बोटं वर राहिला.

"जळमट असीन," मामंजी म्हणाले.

"हिले तं कायचाबी संशय येते," नवरा हसला.

मी रेवाला ओढून घेतलं आणि बद्रुद्दीनचाचांना बोलावलं. बंदूक त्यांच्याच आजोबांनी घडवलेली. त्यांनी नळीत वाकून पाहिलं.

"बेटी, दूर हो. भरेल हाय."

दारू निघाली. कोरडी... ताजी. छर्रे निघाले. वर ठासलेली चिंधी निघाली. लाल, फुलाफुलांची.

आत्या माजघरातून आली आणि तिनं चिंधी उचलून उलगडली.

"शेवंतीचा झगा हाय हा."

शेवंती म्हणजे आत्या आणि मामंजींची धाकटी बहीण. सहा वर्षांची असताना साप चावून गेली, असं मला लग्नापासून सांगितलेलं.

"कायचा साप?" आत्या भावाकडे बघत म्हणाली. "यानं चाप ओढला. याच बैठकीत. नवमीलेच."

मामंजी हार नीट करत होते.

"लहान होतो मी. पोरगी तं गेलीच होती. घराचं नाव कायले घालवायचं?"

मला भीती नंतर वाटली. आधी संताप आला. जिनं तुमची बहीण खाल्ली, तिला तुम्ही हार घालता? आणि माझ्या लेकीच्या मांडीवर देता?

चाचांनी नळी साफ केली. गज टाकला. खण्ण. बंदूक परत भिंतीवर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला राहवलं नाही. स्टुलावर चढून मी पुन्हा गज टाकला.

आवाज नाही...

चार बोटं वर.

चाचांनी या वेळी पिवळी चिंधी काढली. नायलॉनची लेस असलेली.

रेवाच्या वाढदिवसाचा फ्रॉक माझ्या कपाटात होता. कुलूप लावलेलं. किल्ली माझ्या कमरेला. मी उघडून पाहिलं... खालची पट्टी फाडलेली.

"ठाण्यात जमा करा ही," मी म्हणाले.

"घराण्याची इज्जत हाय ते," मामंजी म्हणाले. नवरा मोबाईल बघत होता.

त्याच संध्याकाळी मी रेवाला घेऊन पिंपळगाव राजाला, माहेरी आले. नवरा अजून बोलत नाही. न बोलो. आत्या गेल्या फाल्गुनात वारली. आता त्या घरात गज टाकून बघणारं कुणी उरलेलं नाही.

आज पुन्हा नवमी आहे. माझी जाऊ सुचिता तीन वर्षांच्या मुलीला घेऊन सणाला तिथे गेलीय. मी सकाळी तिला फोनवर सगळं सांगितलं.

ती हसली. मी हसले होते तशीच.

बाराला तिनं स्टेटस टाकलं. मामंजींच्या मांडीवर तिची मुलगी, मुलीच्या मांडीवर बंदूक. तिनं गंमत म्हणून टाकलेला गज नळीतच आहे.

मी फोटो मोठा करून पाहिला... गज चार बोटं वर.

तेव्हापासून त्या घरात कुणीच फोन उचलत नाही.

देऊळघाटात कुणी हे वाचत असाल तर आत्ता जा. रामरावांचं घर, निळं दार. काही विचारत बसू नका. आधी त्या पोरीला बाहेर आणा.