येवो, येते, आली

टिटवी स्पॅनिशच्या एम.ए.ला होती. घरात सारखी टिवटिव करायची म्हणून बाबांनी हे नाव पाडलेलं. पण आई गेल्यापासून ती कामापुरतंच बोले. दोन वर्षं झाली होती. आईचे फोटो ढिगानं होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. जपून ठेवावा असं कुणाला सुचलंच नव्हतं.

भाषाशास्त्राच्या बाईंनी प्रत्येकाला एकेक जुनं स्पॅनिश ध्वनिमुद्रण वाटून दिलं. ऐकायचं आणि जसंच्या तसं उतरवून काढायचं. टिटवीच्या वाट्याला एका डोंगराळ खेड्यातली म्हातारी आली. चाळीस वर्षांपूर्वी कुणा संशोधकाने तिला बोलतं केलं होतं. अकरा मिनिटं ती चादरी धुण्याबद्दल, शेळीच्या खोड्यांबद्दल बोलत होती आणि शेवटी दूर गेलेल्या मुलीबद्दल एकच वाक्य: "ओहाला बेंगा." देव करो नि ती येवो.

त्या वाक्याआधी म्हातारी छोटासा श्वास घ्यायची, सुईत दोरा ओवताना घ्यावा तसा. आईही अगदी असाच घ्यायची. काम चार दिवसांत उरकलं, तरी टिटवी रोज दुपारी भाषा-प्रयोगशाळेत जाऊन हेडफोन लावून बसायची. त्या एका श्वासासाठी.

वही तपासून आली तेव्हा शेवटच्या ओळीवर लाल रेघ होती. बाईंनी तिला खोलीत बोलावलं. एम.ए.ला येऊन इच्छा आणि वस्तुस्थिती यांत गल्लत करतेस, म्हणाल्या. 'बेंगा', म्हणजे 'येवो' असताना तिने 'बिएने' लिहिलं होतं. म्हणजे 'येते आहे'.

टिटवी म्हणाली, ऐकलं तेच लिहिलंय.

बाईंनी स्वतः हेडफोन लावले. एकदा ऐकलं, पुन्हा मागे नेऊन ऐकलं. मग कपाटातून त्या मुद्रणाचा जुना, टंकलिखित कागद काढला. तिथे ठसठशीत 'बेंगा' होतं. बाईंनी हेडफोन सावकाश खाली ठेवले, कापलेले दोन मार्क परत दिले आणि वर न बघताच म्हणाल्या, "हे मुद्रण आता बंद कर. मी तुला दुसरं देते."

दुसरं तिने घेतलं, पण पहिलं सोडलं नाही. कुणी आपली वाट बघतंय हे कानावर पडायला तिला दोन वर्षं लागली होती.

शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळेत ती एकटीच होती. चादरी झाल्या, शेळी झाली. तो श्वास आला.

"बिनो," म्हातारी म्हणाली. आली.

मुद्रण तिथे संपायला हवं होतं. संपलं नाही. फरशीवर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, जणू कुणाला बसायला पुढे केली. मग म्हातारीने, घरच्या माणसाला विचारावं इतक्या साध्या सुरात, स्पॅनिशमध्ये विचारलं, "जेवलीस का गं?"

आपण कुठे बसलोय, कुणाशी बोलतोय, कशाचाही विचार न करता टिटवीने त्याच भाषेत उत्तर दिलं.

"नाही, आई."

शब्द तिच्या जिभेवरून असे घरंगळले, जणू जन्मापासून तिथेच होते.

समोरच्या पडद्यावर अकरा मिनिटं कधीच उलटून गेली होती. आकडे पुढे सरकतच होते.

रविवारी घरून बाबांचा फोन आला. किती दिवसांनी तिला मनापासून बोलावंसं वाटलं. तिने सगळं सांगितलं: आईसारखा श्वास, बाईंचा चेहरा, ती खुर्ची, आणि आपल्याला आता कसं हलकं वाटतंय ते.

ती थांबली. मग परक्या माणसाशी बोलावं तसे, एकेक शब्द सुटा करत, बाबा अदबीनं म्हणाले,

"हा फोन माझ्या मुलीचा आहे. ती कुठे आहे? तुम्हाला मराठी येतं का?"