शमलेली गरज

सोमवारी सकाळी ‘सुगम सांधे’च्या अन्वेषण कक्षात सगळे जण भिंतीकडे तोंड करून बसत, शिक्षा झालेल्या मुलांसारखे. भिंत मात्र साधी नव्हती. आठवडाभरात कंपनीच्या संकेतस्थळावरच्या शोधखिडकीत ग्राहकांनी जे जे टाइप केलं, ते सगळं तिच्यावर उमटत असे. मागणी जेवढी जास्त, तेवढा शब्द मोठा. ज्याला संकेतस्थळाकडे उत्तरच नसे, तो तांबडा. तांबड्या शब्दांना ‘निष्फळ शोध’ म्हणत, आणि शुभदा कुरुंदवाडेची नोकरी त्यांच्या जिवावर चालली होती. तांबडा शब्द दिसला की आठ दिवसांत त्यावर ब्लॉग लिहायचा. लेख जमला की शब्द हिरवा होई, मग बारीक होत होत एके दिवशी दिसेनासा होई. आपण ज्यासाठी राबतो ते नाहीसं झालं म्हणजे आपलं काम चांगलं झालं, असं मानायची शुभदाला चोपन्नाव्या वर्षी सवय झाली होती. संसारात तरी वेगळं काय असतं, असंही तिला अधूनमधून वाटे, पण त्यावर ब्लॉग लिहायला कुणी सांगितलं नव्हतं.

कंपनी मिरजेत होती आणि चेतनगुडघे बनवत होती. झिजलेल्या गुडघ्याच्या जागी बसवायचा हा सांधा स्वतःच्या शक्तीने वाकत असे. आत चिंचोक्याएवढा विद्युत्कोष, तो चालण्यावरच भरायचा. कोष एवढासा, आणि गुडघ्याकडून माणसाच्या अपेक्षा भरमसाट. जिने चढणं, सायकल मारणं, बसच्या मागे धावणं, या एकेका क्षमतेला वीज लागते. म्हणून दर तीन महिन्यांनी हवेतून एक सुधारसंदेश येई आणि कुठल्या क्षमतेला किती वीज द्यायची ते गुडघ्याला नव्याने सांगे. ज्या क्षमतेची कुणाला गरज नाही ती झोपवली जाई.

गुडघ्याचं मूळ आरेखन ज्या देशात झालं होतं तिथे माणसं जमिनीवर बसतात ती फक्त पडल्यावर. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात भिंतीवर ‘सत्यनारायण’ हा शब्द हातभर मोठा आणि लालभडक उमटला, तेव्हा मुख्यालयातल्या यंत्राने त्याची नोंद ‘व्यक्तिनाम’ अशी केली. इतके लोक ज्याला शोधताहेत त्या ग्राहकाला ताबडतोब गाठून शांत करा, असा हुकूम आला. शोधविश्लेषक डॉ. तन्मय इंगवले यांच्या स्वतःच्या घरी दर श्रावणात पूजा होत असे. पण हुकूम तो हुकूम. त्यांनी ग्राहकयादीतले सगळे सत्यनारायण शोधून काढले आणि प्रत्येकाला दिलगिरीचं पत्र आणि सवलतीची कुपनं पाठवली. एकाही सत्यनारायणाने ती परत केली नाहीत.

शेवटी शुभदानेच सांगितलं की लोकांना पूजेला बसायचंय, दीड-दोन तास, पाटावर, मांडी घालून. मग भिंतीवरचे बाकीचे तांबडे शब्दही ओळखीचे वाटू लागले. पंगत. मुंज. मांडी. उकिडवं. कोपऱ्यात एक बारीकसा ‘तबला’ होता. तो कोणी टाइप केला हे तिने कुणाला सांगितलं नाही, कारण तो तिच्या घरातूनच आला होता.

तिचा नवरा जयवंत कुरुंदवाडे चाळीस वर्षं तबल्याची साथ करत होता. दोन्ही गुडघे चेतन झाल्यावर तो चालायला लागला, जिने चढायला लागला, आणि तबल्यासमोर बसेना. गंमत अशी की गुडघ्यात मांडीची क्षमता होती. फक्त ती वापरायची कशी, हे बनवणाऱ्यांनाच माहीत नव्हतं. शुभदा त्या पावसाळ्यात संध्याकाळी जयवंताच्या समोर बसून बघत राहिली. कुठला पाय आधी घ्यायचा, टाच कुठे टेकवायची, कुल्ल्याखाली उशी किती जाड हवी, गुडघ्याने हलकी थरथर दिली की किती वेळ थांबायचं. घाई केली तर सांधा आडवा अडकतो आणि कडेचा स्नायुबंध दुखावतो, हेही तेव्हाच कळलं, कारण जयवंताचा दुखावला. हे सगळं तिने लिहिलं. अलंकार नाहीत, प्रस्तावना नाही. ‘चेतनगुडघ्याने मांडी कशी घालावी’ हा तिच्या आयुष्यातला सर्वांत चांगला लेख होता, आणि तो शाल-श्रीफळ मिळाल्यावरही चांगलाच राहिला. कंपनीने तो पहिल्या पानावर लावला. लोक संकेतस्थळावर येत, समोरच लेख दिसे, वाचत आणि जाऊन मांडी घालत. शोधखिडकीकडे कुणी फिरकतच नसे. ‘मांडी’ हिरवी झाली, बारीक झाली, आणि यंदाच्या उन्हाळ्यात भिंतीवरून गेली. टाळ्या वाजल्या होत्या.

जूनच्या सुधारसंदेशानंतर दुसऱ्याच दिवशी ती घरी आली तेव्हा जयवंत बैठकीवर पाय पसरून बसला होता. तबला डग्गा समोर, आणि मध्ये पाय, आडव्या टाकलेल्या ओंडक्यांसारखे.

“काटकोनाच्या पुढे जात नाही,” तो म्हणाला. “सकाळपासून बघतोय. दार लावून घेतल्यासारखं होतं.”

तिने सगळं करून पाहिलं. उशी बदलली, टाच बदलली, थरथरीची वाट पाहिली. थरथर आलीच नाही. खुर्चीवर बसून, तबले स्टुलावर ठेवून वाजवता येईल का, असं तिने जपूनच विचारलं.

“येईल की. उभं राहून ढोलही येईल,” जयवंत म्हणाला. मग डग्गा बाजूला सारत, “शुभा, गणपतीनंतरच्या सगळ्या बैठका घेऊन बसलोय मी. घेऊन बसलोय म्हणजे, घेतल्यात.”

दुसऱ्या दिवशी ती इंगवल्यांच्या खोलीत गेली. इंगवले चौतीस वर्षांचे होते आणि वाईट बातमी सांगताना समोरच्याला चहा देत. तिच्यापुढे चहा आलेला पाहून तिला अर्धं उत्तर मिळालं.

“मॅडम, बिघाड नाहीये. गरजमापकाने मांडी झोपवली,” ते म्हणाले. “गरज शून्य आली.”

गरजमापक म्हणजे विजेची वाटणी ठरवणारी प्रणाली. शुभदाने विचारलं, की हजारो लोक रोज मांडी घालतात, ते त्या प्रणालीला दिसत नाही का. इंगवल्यांनी समजावलं की दिसूच शकत नाही. शरीरगोपनीयतेच्या कायद्याने गुडघा घरी काय करतो हे कंपनीला पाहता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ग्राहक आपण होऊन कंपनीला जे सांगतो तेवढंच वापरता येतं. आणि ग्राहक आपण होऊन सांगतो ते एकाच ठिकाणी, शोधखिडकीत.

“आणि माझा लेख? तो किती जणांनी वाचला ते तर दिसतं ना?”

“दिसतं. पण वाचणं म्हणजे गरज नव्हे. लोक अपघाताच्या बातम्याही वाचतात, त्यांना काय अपघात हवा असतो? माणूस शोधतो ती गरज. त्यातही शोधून सापडलं, तर ती शमलेली गरज. शमलेल्या गरजेला वीज कशाला?”

शुभदाने चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे मी इतकं नीट लिहिलं म्हणून.”

“लेख फारच चांगला होता,” इंगवले म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर चुकवली.

तक्रार करावी तर तक्रारखिडकीत झोपलेल्या क्षमतांची नावंच नसत. नाही त्या गोष्टीची तक्रार कशी घेणार? वरच्या कुणाला सांगून बदल करावा, तर त्यालाही बंदी. पूर्वी एका संचालकाने सासऱ्यांसाठी गोल्फचा झोका हट्टाने चालू ठेवला होता आणि त्या तिमाहीत बऱ्याच लोकांचे गुडघे जिन्यात मध्येच दमले. तेव्हापासून माणसाचा हात वाटणीला लागत नसे. मग जयवंताला आणि त्याच्या मित्रमंडळींना रोज ‘मांडी’ टाइप करायला सांगावं, असं शुभदाने सुचवलं. इंगवल्यांनी मान हलवली.

“खोटा शोध कळतो. सायकलवाल्यांनी केला होता तो प्रयोग. ज्याला उत्तर माहीत आहे तो एकदाच सरळ टाइप करतो आणि निघून जातो. ज्याला खरोखर हवं असतं तो तीन तऱ्हांनी विचारतो. मध्ये थांबतो, चुकतो, खोडतो, परत येतो. अडलेल्या माणसाची बोटं वेगळी चालतात, मॅडम. आणि कुणी सांगून केलेला शोध तर प्रणाली धरतच नाही. खरंच अडलेली माणसं लागतात. पुष्कळ लागतात.”

खिडकीबाहेर एक म्हातारे ग्राहक चाचणीच्या जिन्यावर वर-खाली करत होते. त्यांचे गुडघे सुरेख चालत होते. मांडीची वीज बहुधा तिकडेच गेली होती.

ब्लॉगवर शुभदाचीच सत्ता होती. बाकी कुणाला ती नको होती. लेख मागे घ्यायला कारण लिहावं लागे. तिने ‘दुरुस्तीसाठी’ असं लिहिलं, आणि दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नाही या विचाराने तिला त्या आठवड्यात पहिल्यांदा जरा बरं वाटलं. मग लेख पहिल्या पानावरून गेला.

जूनपासून लोकांचे गुडघे अडत होतेच. ते संकेतस्थळावर येत, लेख वाचत, पुन्हा करून बघत आणि आपलंच काही चुकतंय असं समजून परत लेख वाचत. आता लेखच नाही म्हटल्यावर पहिल्यांदा ते शोधखिडकीकडे वळले. जुलैच्या मध्यावर भिंतीवर ‘मांडी’ पुन्हा उगवली, मोहरीएवढी, पण तांबडी. लेख दुरुस्तीत असला की तिमाही संपेपर्यंत नवा लेख मागितला जात नसे. श्रावण लागला तशी ती फुगली. शेजारी सत्यनारायणही आला, आणि या वेळी त्याला कुपनं गेली नाहीत. ‘मांडी घालता येत नाही’, ‘मांडी माहिती कुठे गेली’, ‘जमिनीवर बसणे उपाय’. एकाने नुसतंच ‘पंगतीत खुर्ची लाज वाटते’ असं टाइप केलं होतं. शुभदा दर सोमवारी भिंतीकडे तोंड करून बसे आणि शब्द मोठा झालेला पाहून समाधान वाटून घेई, आणि मग त्या समाधानाचा दिवसभर कंटाळा येई.

सप्टेंबरचा सुधारसंदेश आला. संध्याकाळी जयवंताने उशी घेतली, टाच टेकवली, थरथरीची वाट पाहिली, आणि मांडी पडली. तो डग्ग्यावर हात ठेवून नुसता बसून राहिला. मग त्याने सावकाश एक ठेका धरला आणि शुभदा आत जाऊन कुकर लावू लागली, कारण तिथे उभं राहणं तिला जमेना.

पण दुरुस्तीची मुदत संपली होती, आणि नियम नियमच होता. भिंतीवरचा सर्वांत मोठा तांबडा शब्द. आठ दिवसांत लेख. लेखिका शुभदा कुरुंदवाडे. चांगला लिहिला की डिसेंबरात मांडी पुन्हा झोपणार. नाही लिहिला तर नोकरी जाणार आणि कुणीतरी दुसरा, कदाचित मनापासून, चांगला लिहिणार.

“मग वाईट लिही,” जयवंत म्हणाला.

“सोपं वाटतं तुला.”

“सोपं कसं असेल? मला बेताल वाजवायला सांगितलं तर आठवडा तालीम करावी लागेल.”

तिलाही आठवडा लागला. ‘मांडी: एक समृद्ध परंपरा’ असा लेख तिने लिहिला. प्राचीन काळापासून माणूस बसत आला आहे, अशी सुरुवात होती. बसण्याचे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक फायदे होते. शेवटी ‘योग्य पद्धतीने आणि काळजीपूर्वक मांडी घालावी’ असा सल्ला होता. लेख लोकांनी वाचला, आणि वाचून झाल्यावर ते शोधखिडकीत गेले. तांबडा शब्द तसूभरही लहान झाला नाही. लेखामुळे वाचकांची जिज्ञासा वाढली, असा अहवाल मुख्यालयाने पाठवला आणि पुढचे सगळे लेख याच धर्तीवर लिहावेत असं कळवलं. इंगवल्यांनी तिच्यापुढे तो अहवाल आणि चहा एकदमच ठेवला.

दिवाळीनंतर सांगलीत जयवंताची बैठक होती. तो पुन्हा मंचावर मांडी घालून बसला होता. मध्यंतरात तो खाली उतरून शुभदाजवळ आला तोच मागच्या खुर्च्यांतून एक गृहस्थ काठी टेकत पुढे आले. सत्तरीचे असावेत. आपलं नाव त्यांनी बापूसाहेब घोरपडे असं सांगितलं, कंपनीच्या लेखिका त्या तुम्हीच ना, असं विचारलं, आणि पँट किंचित वर करून डावा गुडघा दाखवला. तो बाजूने सुजला होता.

सप्टेंबरात मांडी परत आली असं कुणीतरी सांगितलं, म्हणून नातवाच्या बारशाच्या पंगतीला ते हौसेने खाली बसले होते. सांधा आडवा अडकला. उचलून न्यावं लागलं. “पूर्वी तुमचा एक लेख होता म्हणे, पायरी-पायरीने सांगणारा. माझ्या साडूने त्यावर शिकून घेतलं, पण त्याला आता शब्दांत सांगता येत नाही. मी पुष्कळ शोधला हो, बाई. तुम्ही दोन मिनिटांत सांगितलंत तरी चालेल. हे तर आत्ता मंचावर इतके छान बसले होते.”

जयवंताने शुभदाकडे पाहिलं. सांगायला खरोखर दोनच मिनिटं लागली असती. मग बापूसाहेबांनी घरी जाऊन मांडी घातली असती, साडूंना दाखवली असती, त्यांच्या गुडघे-मंडळात सांगितली असती, आणि त्यातल्या कुणाचीच बोटं पुन्हा अडली नसती.

“लेख दुरुस्तीला आहे,” शुभदा म्हणाली. “येईल लवकरच. तुम्ही शोधखिडकीत बघत राहा. सापडलं नाही तर दुसऱ्या शब्दांत बघा.”

बापूसाहेबांनी आभार मानले. जयवंत मंचावर गेला आणि हातोडीने तबल्याचे गठ्ठे ठोकू लागला, तबला सुरात होता तरी. मागे आपल्या खुर्चीत बसून बापूसाहेबांनी दुखरा पाय लांब केला, चष्मा चढवला आणि फोन काढला. त्यांनी काही टाइप केलं, थांबले, खोडलं, डोळे बारीक करून पुन्हा सुरुवात केली. गृहस्थ अगदी मनापासून शोधत होते.