दोन सीटांची एक घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, ऊन अजून अंगावर यायचं होतं तेव्हा, कामिनी धुळ्याला पाचकंदीलच्या बाजारात पितरांच्या नावाने भरायची घागर घ्यायला गेली. बोटांनी ठोकून तिने एक खणखणीत घागर निवडली. कुंभारीण सुटे पैसे शोधता शोधता सहज बोलली, "कोणाच्या नावाची, ताई?"

"आमच्या विमानातल्या माणसाच्या."

कुंभारणीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि सुटे पैसे तिच्या हातावर ठेवले. कामिनीने घागर स्कूटरवर पायाशी ठेवली, पिशवीत पिकलेलं डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे टाकले आणि सोनगीरच्या रस्त्याला लागली.

त्या रस्त्यावर पन्नालालशेठच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये विमानांचं संग्रहालय आहे. संग्रहालय म्हणजे तरी काय, पंख नसलेलं एक ग्लायडर, दोन गंजकी इंजिनं, भिंतीवर फोटो आणि मधोमध मोडक्या सांगाड्यावरून पुन्हा जोडलेलं दोन सीटांचं एक शिकाऊ विमान. पण माणसांनी त्यात जीव ओतला होता. एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक रविवारी येऊन नटबोल्ट आवळत. बचत गटाच्या बायकांनी सीटांना जाड सुती कव्हरं शिवली होती. शाळेतली पोरं पत्रा घासून घासून त्यात आपली तोंडं पाहत.

हे सगळं उभं केलं होतं कामिनीने. इंजिनिअर होऊन ती पुण्याला गेली नाही, म्हणून घरात अजून धुसफूस चालायची. तिला त्याचं काही वाटत नसे. खान्देशातल्या माणसाने विमान फक्त मान वर करून पाहायचं, हे किती दिवस चालायचं? आज तर तिने मोठाच घाट घातला होता. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींना झोक्यावरून उतरवून थेट विमानात बसवायचं. चार वाजता आसपासच्या गावांतून बायका येणार होत्या. पन्नालालशेठ तयार झाले होते, पण हातचं राखून.

"एका जरी लेकीला काही झालं ना बेटा," ते म्हणाले होते, "तर शेडला कुलूप घालीन. मग ते परत निघणार नाही."

आणि शेठ उगाच बोलणारे नव्हते.

त्या विमानाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. कामिनीच्या जन्माच्याही आधी ते जवळच्या कपाशीच्या शेतात कोसळलं होतं. पुढच्या सीटवर शिकणारा मुलगा, शिरपूरचा रुपचंद. मागच्या सीटवर शिकवणारा. दोघेही जागीच गेले. लीलाधर नाना हवाई दलात मेकॅनिक होते, ते सांगायचे, "शिकाऊ विमानाला दांडे दोन. एक हलवला की दुसरा हलतो. म्हणून आमच्यात रीत असते. घेणारा म्हणतो, 'विमान माझ्याकडे.' देणारा म्हणतो, 'विमान तुमच्याकडे,' आणि मगच हात सोडतो. उत्तर आल्याशिवाय घ्यायचं नाही. त्या दिवशी दोघांपैकी कोणीच बोललं नसावं. याला वाटलं त्याच्या हातात आहे, त्याला वाटलं याच्या."

पोरांसाठी नानांनी त्याचाच खेळ केला होता. पुढे एक, मागे एक, दोघांच्या कानावर जुने हेडफोन. तिसरा हेडफोन खाली उभ्या असणाऱ्याला. पोरं दिवसभर "माझ्याकडे, तुमच्याकडे" करत दांडा हलवत बसायची.

कामिनी पोचली तेव्हा शेडमागच्या कडुलिंबाखाली मांडव घातला होता आणि बचत गटाच्या बेबाबाई चुलीपाशी खापरावर मांडे टाकत होत्या.

"डांगर गोड शे का, पाही लिधं का पोरी?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"वास घेऊन आणलंय, अक्का."

"अन् त्या पोरीस्ना पदर अटकाव नई ना विमानमा?"

"नाही अटकत. रुची आणि मी आधी बसून बघणार आहोत."

रुची पन्नालालशेठची नात, कामिनीची कॉलेजपासूनची मैत्रीण. तिने घागर उचलून विमानाच्या नाकाखाली ठेवली, पाणी भरलं, वर डांगर ठेवलं. भिंतीवरचा रुपचंदचा फोटो तिथे आणून टेकवला. त्याच्या घरचं आता कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्याची घागर आपण भरायची, ही कल्पना कामिनीचीच.

रुची कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "दोन सीटा आणि घागर एकच? मागच्याने काय उपाशी बसायचं?"

"त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. बाहेरगावचा होता."

"मग?"

"मग काय? बिननावाची घागर कशी भरणार? चल, उशीर होतोय."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बेबाबाईंनी निखाऱ्यांवर तूप सोडलं, मांड्याचा तुकडा ठेवला आणि पितरांच्या नावाने आगारी टाकली. सगळ्यांनी आपापल्या घरच्यांची नावं घेतली. कामिनीने रुपचंदचं नाव मोठ्याने घेतलं. धूर वर न जाता जमिनीलगत सरकला आणि शेडच्या दाराकडे गेला. वारा तिकडचाच असेल, तिने मनात म्हटलं.

माणसं मांडवात जेवायला बसली. स्पीकरवर गाणी लागली. नाना पानावर बसता बसता म्हणाले, "कामिनी, पुढच्या सीटची आतली मूठ तुटलेली आहे गं. झाकण बसलं तर आतून ते मागच्या सीटवरनंच उघडतं. मूठ बदलू दे, मग बसव लोकांना."

"झाकण बंद करणारच नाही आहोत, नाना. ते उघडंच राहील अशी खीळ घातलीय."

"तुला कायमची घाई."

दोघी शेडमध्ये आल्या. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर काही क्षण काही दिसेना. वरचे पत्रे उन्हाने तडतडत होते. आत पेट्रोलचा वास येत होता. कामिनी थबकली. त्या टाकीत कित्येक वर्षांत थेंबही नव्हता.

"वास येतोय तुला?"

"तुपाचा," रुची म्हणाली आणि पंखावरून पुढच्या सीटवर उतरली. तिने पट्टा लावला, हेडफोन चढवला. मागे वळून बघता येत नव्हतं, पाठ उंच होती.

कामिनी मागच्या सीटवर चढायच्या आधी खाली बायकांसाठी लाकडी पायऱ्या सरकवू लागली. तेवढ्यात वर सरसर आवाज झाला आणि काचेचं झाकण बसलं. रुचीने गंमत केली असेल असं तिला वाटलं. तिने मान वर केली. काचेआड रुची हसत होती, बोलत होती. कामिनीने खालचा हेडफोन कानाला लावला.

"...नाही देणार," रुची म्हणत होती. "आधी मला रुची मॅडम म्हण."

"काय देणार नाहीस?"

"विमान. कधीची मागून म्हणतेयस, विमान माझ्याकडे, विमान माझ्याकडे. आवाज काय घोगरा काढलास गं."

"रुची, मी खाली आहे. नाकापाशी बघ."

रुचीने मान उंचावली. कामिनीने हात हलवला. रुचीच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

"मग मागे... कोण बसलंय?"

आणि तेव्हा कामिनीनेही तो ऐकला. पुरुषाचा आवाज, थकलेला, घाई नसलेला. वर्गात उत्तराची वाट पाहणारे मास्तर बोलतात तसा.

"विमान माझ्याकडे."

मग शांतता. उत्तरापुरती.

शेपटीचा पत्रा हळूच वर झाला, खाली आला. आत दांडा रुचीच्या गुडघ्यांवर आपटला.

कामिनी हेडफोनसकट धावत पंखावर चढली. मागची सीट रिकामी होती. फक्त बचत गटाने शिवलेलं कव्हर मधोमध दबलेलं होतं आणि पट्टा लावलेला होता, घट्ट, कोणाच्या तरी पोटावर बसावा तसा. खीळ पंखावर नीट आडवी ठेवलेली होती. तिने बाहेरची मूठ फिरवली. फिरली नाही. दोन्ही हातांनी ओढली. पत्रा इतका तापला होता की तळवे सोलून निघाले.

तिने पाना उचलून काचेवर मारला. काचेला ओरखडा गेला, तडा गेला नाही. ती दाराकडे तोंड करून ओरडली, पण मांडवात स्पीकर होता. नानांचा फोन वाजत राहिला. पळत जाऊन कोणाला आणावं, तर रुचीवरची नजर काढवेना.

"रुची, दांडा सोड."

"सुटत नाहीये." हेडफोनमध्ये तिचा श्वास घासत होता. "तो ओढतोय... मी सोडला तर पडू, कामिनी. खाली कपाशी दिसतेय मला."

"तू शेडमध्ये आहेस. ऐक माझं. म्हण, विमान तुमच्याकडे. म्हण आणि सोड."

रुचीचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. मघाशी तिच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. आता चेहरा लाल होता आणि कोरडा. घाम थांबला म्हणजे काय होतं, हे त्या भागातल्या लहान पोरालाही समजतं. तिची मान एका बाजूला कलली. बोटं मात्र दांड्यावर तशीच आवळलेली होती, पांढरी पडून.

"विमान माझ्याकडे," आवाज म्हणाला. चिडलेला नव्हता. किती वर्षं हा असं विचारत असेल? दोघांपैकी एकाला दुपारी नाव घेऊन जेवायला बोलावलं होतं. दुसरा न बोलावता, नाव नसलेला, तसाच आला होता आणि आपल्या जागेवर बसला होता. त्याला पाणी नको होतं. त्याला उत्तर हवं होतं.

कोणाचं विमान, कोणाच्या वतीने द्यायचं, याचा विचार करायला वेळ नव्हता. कामिनीने माइक ओठांशी धरला.

"विमान... तुमच्याकडे."

शेपटीचा पत्रा सरळ झाला. रुचीची बोटं एकेक करून सुटली. आतल्या मागच्या मुठीने सावकाश वळण घेतलं, तिच्या डोळ्यांदेखत, आणि झाकण मागे सरकलं. आतली तापलेली हवा तोंडावर आली.

"माझ्याकडे," हेडफोनमध्ये तो म्हणाला. समाधानाने, अगदी हळू.

रुचीला मांडवात आणलं तेव्हा ती बरळत होती. ओली चादर, कांद्याचा रस, बर्फ. मग डॉक्टर आले, सलाईन लागलं. संध्याकाळपर्यंत तिने डोळे उघडून आजोबांना ओळखलं. तिला फक्त झाकण बसल्यापर्यंतचं आठवत होतं. ऊन लागलं, सगळे म्हणाले. मूठ तुटलेली होती, नाना म्हणाले आणि खाली बघत राहिले.

चार वाजता आलेल्या बायका नव्या साड्यांत शेडबाहेर थांबल्या होत्या. काहींनी लेकरांना कडेवर घेतलं होतं. कामिनी दारात उभी राहिली आणि तिने त्यांना परत जायला सांगितलं. एक जण कुरकुरली, "इतल्या लांबून उनूत ना." कामिनीला तिच्याकडे बघवलं नाही. मग ती स्वतः पन्नालालशेठकडे गेली.

"कुलूप घाला, आजोबा."

शेठ रागाने बोलणार होते. पण तिचे सोललेले तळवे पाहून ते नुसते किल्ली शोधायला उठले. इतक्या रविवारांची मेहनत एका कडीच्या आवाजात बंद झाली. कामिनी रडली नाही. रुची जिवंत होती, एवढंच ती स्वतःला सांगत राहिली.

सूर्य कलला तेव्हा तिने नानांना स्कूटरवर मागे घेतलं. त्यांना देवपूरला सोडायचं होतं. तळव्यांना फडकं बांधलेलं होतं, मूठ धरली की आग व्हायची. हायवेवर ट्रक अंगावरून जावेत तसे जात होते.

नगावच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. एक खड्डा तिच्या लक्षात यायच्या आत हँडल थोडं डावीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. तिने वळवलं नव्हतं. समोरून ट्रक चुकीच्या बाजूने आला. वेग आधीच कमी झाला होता, ट्रक जाताच वाढला.

तिने ओठांतल्या ओठांत म्हटलं, "माझ्याकडे."

वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. उत्तर आल्याशिवाय घ्यायचं नाही, ही रीत तिनेच पोरांना शंभरदा शिकवली होती. ती वाट बघत राहिली. धुळ्याचे दिवे लागायला सुरुवात झाली होती.

मागून नाना म्हणाले, "आज फार सफाईने चालवतेस गं पोरी. तुझा हात नाही असा. कोणी शिकवलं?"

कामिनीने खाली पाहिलं. तिचे दोन्ही हात मघापासून मांडीवर होते.